शरदातील दारची बाग : भांडे कोणते, रोप कोणते?

आश्विन शुद्ध प्रतिपदेस धाराशिव जिल्ह्यात घरोघर घट बसतात. पत्रावळीवर अथवा वेळूच्या टोपलीत वावरातील माती पसरावयाची, तीत गहू, ज्वारी, हरभरा, करडई असे धान्य टोकावयाचे, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवावयाचा आणि नऊ दिवस त्याची निगा राखावयाची, ही रीत येथील शेतकऱ्यास सांगावी लागत नाही. तुळजापूरची भवानी ज्या जिल्ह्याची, त्या जिल्ह्यात तर हा सोहळा विशेषच. कोणते धान्य जोमाने वर आले, यावरून रब्बीचा अंदाज बांधणारी वडीलधारी माणसे आजही आढळतात. अंदाज खरा ठरो वा न ठरो, घरचे बियाणे उगवते की नाही याची परीक्षा मात्र त्यात आपोआप होऊन जाते.

घरातल्या भांड्यात शरद ऋतूची पेरणी कशी करावी, याचे दोन धडे या घटात आहेत. पहिला असा की, झिलई नसलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी हळूहळू पाझरते व भोवतालच्या मातीस लागेल तेवढीच ओल मिळते. दुसरा असा की, देवघराच्या अंधारात उगवलेली ती रोपे पिवळी व लांबट होतात. पूजेत तो पिवळा रंग शोभून दिसतो. परंतु कुंडीतील रोप तसे दिसू लागले, तर त्यास उजेड अपुरा पडत आहे असे समजावे. पाणी आणि ऊन या दोन गोष्टींचा हिशोब मांडल्यावाचून दारात कुंड्या मांडल्या, तर त्या दसऱ्यास हिरव्या दिसतात आणि संक्रांतीस वाळलेल्या असतात. असे प्रत्येक गावात घडते. दोष बहुधा रोपाचा नसतो, निवडीचा असतो.

पाण्याचा हिशोब फाल्गुनापासून मागे

या जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. पश्चिमेकडील परंडा व भूम भागांत ते त्याहूनही कमी. त्यातील बहुतेक पाऊस आश्विनाच्या आत पडून जातो. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या स्मरणात आहे, तर २०१२-१३ व २०१५-१६ ही टँकरची वर्षे तरुणांनीही पाहिली आहेत. अशा मुलखात घरच्या कुंड्या किती असाव्यात, हे आश्विनातील भरलेल्या आडाकडे पाहून ठरविणे चुकीचे होय. फाल्गुनात घरात किती पाणी वाया जाते, तेवढ्यावर किती भांडी जगतील, असा उलटा विचार करावा.

ढोबळ मानाने चार माणसांच्या घरी भाजी, डाळ व तांदूळ धुण्याचे आणि हात धुण्याचे मिळून रोज १० ते १५ लिटर पाणी सहज निघते. पंधरा लिटरच्या डब्यातील वाढलेल्या टोमॅटोस ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी लागते; पौषात ते कमी होते आणि फाल्गुनात पुन्हा वाढून दोन लिटरपर्यंत जाते. भाजीच्या एका क्रेटला मार्गशीर्षात पाऊण ते एक लिटर पुरते. यावरून दहा-बारा भांड्यांहून अधिक पसारा मांडू नये, हे उघड आहे. शिवाय त्यांतील निम्म्या भांड्यांतील पीक माघ संपण्यापूर्वी निघून जाईल, असेच असावे.

साबणाचे व कपड्यांच्या पावडरीचे पाणी कुंडीस घालू नये. त्यातील सोडियमने काळी माती चिकट व घट्ट होते. कुंडीतील थोड्या मातीत हा परिणाम लवकर दिसतो. ते पाणी जमिनीतील केळीस अथवा कर्दळीस द्यावे. चुलीची राखही हात आखडूनच टाकावी. येथील जमिनी मुळातच चुनखडीयुक्त व विम्लधर्मी आहेत. राखेने तो दोष वाढतो आणि शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडू लागतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. अनेक जण ते पाण्याच्या कमतरतेचे मानून आणखी पाणी घालतात.

लहान कुंड्यांचा मोह टाळावा. सहा इंची कुंडीऐवजी बारा इंची कुंडी घेतली, तर तीत माती आठपट मावते आणि वरचा उघडा भाग मात्र चौपटच होतो. म्हणजे ओल अधिक काळ टिकते. ऑक्टोबरच्या उन्हात सहा इंची कुंडीस दोन वेळा पाणी द्यावे लागते. घरातील बाई एक दिवस बाजारास गेली की रोप माना टाकते. सहा लहान कुंड्यांपेक्षा एक फुटका रांजण केव्हाही बरा.

ऊन सरकते, कुंडीही सरकावी

२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जातो. धाराशिव सुमारे १८ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे त्या दिवशी माध्यान्ही दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे सव्वातीन फूट पडते; २२ डिसेंबरला हीच सावली जवळजवळ नऊ फूट होते. घटस्थापनेच्या वेळी जेथे लख्ख ऊन होते, ती घराच्या उत्तर अंगाची जागा मार्गशीर्षात दिवसभर सावलीत जाते. टोमॅटो फुलावर न येण्याचे, शेवंती रोडावण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. सबब फळभाजीची व फुलांची भांडी घराच्या दक्षिण अथवा पूर्व बाजूस ठेवावीत. त्यांस सहा तासांहून अधिक ऊन लागते. पालक, मेथी व कोथिंबीर यांचे चार-पाच तासांच्या उन्हावरही भागते; आश्विनातील कडक उन्हात त्यांना दुपारची सावली मानवते.

जागा निवडताना छतावर भांडी चढविण्याचा विचार मनात येतोच. पंधरा लिटरच्या डब्यातील ओल्या मातीचे वजन २४ किलोच्या आसपास भरते. दहा डबे म्हणजे अडीच क्विंटल. जुन्या माळवदावर हे ओझे कदापि ठेवू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळणे हे त्या हानीचे मोठे कारण होते. उमरगा-लोहारा भागातील लोकांना याची आठवण करून देण्याची गरज नाही. तेथील पुनर्वसित गावांत घराभोवती मोकळी जागाही आहे. इतर तालुक्यांतील जुन्या वाड्यांत मात्र माळवद अजून आहे आणि पावसाळ्यात ते आधीच भिजून जड झालेले असते. तेथे भांडी अंगणातच ठेवावीत. सिमेंटच्या स्लॅबवर ठेवायची झाल्यास ती मध्यभागी न मांडता भिंतीच्या वरच्या बाजूस, विटांवर उचलून ठेवावीत.

भांड्याची पारख

या जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरा कुंभारांचे. नामदेवादी संतांची डोकी गोरोबांनी थापटण्याने थापटून पाहिली व कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. कुंडी घेताना हीच परीक्षा करावी. रिकामी कुंडी अधांतरी धरून बोटाच्या पेराने वाजवावी. पक्की भाजलेली व अखंड कुंडी खणखणते. बद्द आवाज आला तर तीत चीर आहे वा भाजणी कच्ची आहे. अशी कुंडी दोन पावसाळे काढीत नाही.

मातीच्या कुंडीची भिंत श्वास घेते. तिच्यातून पाणी उडून जाते व मुळे थंड राहतात. आश्विनाच्या उन्हात हा गुण आहे, पण टंचाईत तोच अवगुण ठरतो. प्लास्टिकचा अथवा पत्र्याचा डबा पाणी राखतो. मात्र उन्हाने तापला म्हणजे भिंतीलगतची मुळे भाजून काढतो. यावर उपाय साधा आहे. पत्र्याच्या डब्यास बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि उन्हाच्या बाजूस विटा रचाव्यात. मातीची कुंडी अर्धी जमिनीत पुरली की तिचे पाणी उडणे बरेच कमी होते. दोन्हींचा मेळ घालावयाचा असेल, तर जुन्या रांजणात अथवा मोठ्या प्लास्टिकच्या टबात मध्यभागी झिलई नसलेले, पक्के भाजलेले लहान गाडगे गळ्यापर्यंत पुरावे, त्याच्या भोवती चार रोपे लावावीत आणि पाणी फक्त गाडग्यात भरून वर झाकणी ठेवावी. गाडग्यास रंग लावलेला नसावा. घटाचाच हा प्रकार होय. रोज पाणी घालण्याचे काम त्याने दोन-तीन दिवसांवर जाते आणि वरची माती कोरडी राहिल्याने तणही कमी उगवते. नुसते बी पेरलेल्या भांड्यास मात्र उगवण होईपर्यंत वरूनच पाणी शिंपडावे लागते.

विकत काही घेण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहावे. पंधरा किलोचा तेलाचा डबा उभा वापरला तर टोमॅटो, वांगी वा मिरची यांच्या एका झाडास पुरतो. तोच आडवा धरून लांबीत दोन भाग केले, तर साडेचार इंच खोलीच्या दोन तसराळ्या मिळतात आणि त्यांत मेथी येते. कडा ठोकून बोथट कराव्यात, नाहीतर हात कापतो. फळबाजारातील वीस किलोचा प्लास्टिक क्रेट आतून गोणपाटाचे अस्तर लावून पालेभाजीस उत्तम. गुरांची फुटकी दोण मिळाली तर तिच्यासारखे भांडे नाही. खताची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन, तोंड बाहेर दुमडून वापरता येते. परंतु उन्हाने तिचे धागे सुटतात, म्हणून एका हंगामापुरतीच ती धरावी. कीटकनाशकाचा डबा वा कॅन मात्र कितीही वेळा धुतला तरी भाजीस वापरू नये, आणि जुन्या रंगाचा डबाही नको. गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी सहाय्यकांनी व बचत गटांच्या ताईंनी ही एक गोष्ट तरी दारोदार सांगितली पाहिजे.

प्रत्येक भांड्याच्या बुडास पेन्सिलीएवढी चार-पाच भोके हवीत. कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खडीचा थर घालण्याची जुनी पद्धत आहे. ती सोडून द्यावी. बारीक माती पाणी धरून ठेवते, आणि ती चिंब झाल्याखेरीज पाणी खालच्या खडीत उतरतच नाही. परिणामी खडीच्या थराने निचरा वाढत नाही. केवळ मुळांची जागा कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवला म्हणजे पुरे. कुंडीखाली बशी असल्यास तीत वाळू भरावी, अथवा आठवड्यातून एकदा ती पुसून कोरडी करावी. याच दिवसांत डेंग्यूचा डास अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

नुसती काळी माती भांड्यात भरू नये. ओली असता ती लोण्यासारखी होते आणि वाळली की भांड्याच्या कडेपासून सुटून भेगाळते. मग दिलेले पाणी भेगेतून सरळ बाहेर पडते. दोन पाट्या माती, एक पाटी पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक पाटी चाळलेला बारीक मुरूम असे मिश्रण करावे. बालाघाटच्या माळरानावर मुरमाची वाण नाही. शेणखत कच्चे असेल तर हुमणी व वाळवी पाठोपाठ येतात. डब्यामागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी, आणि वरून वाळल्या पाल्याचे वा तुरीच्या भुसकटाचे दोन बोटे आच्छादन घालावे.

रोपांची निवड

पालेभाजीस खोली नको, पसारा हवा. फळभाजीस पसारा नको, खोली हवी. हे ध्यानात आले की निम्मी निवड होऊन जाते. चौघांच्या एका वेळच्या मेथीस क्रेटच्या मापाची दोन भांडी लागतात. एका तसराळीत भाजी होईल अशी आशा धरू नये. म्हणून चार क्रेट असतील तर सगळे एकाच दिवशी न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-दोन पेरावेत. मेथी २५ ते ३० दिवसांत निघते. पालकाची पहिली कापणी पस्तीस-चाळीस दिवसांनी मिळते आणि बुडाशी दोन बोटे राखून कापल्यास पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा तयार होतो. पाण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत किफायतीचा. ‘ऑल ग्रीन’ ही पालकाची जात येथे चांगली येते. शेपू, चाकवत व चुका हेही थोड्या जागेत भागविण्याजोगे आहेत.

कोथिंबीर आश्विनात घाई करून पेरू नये. दिवसा ३२-३३ अंश तापमान असता धने नीट उगवत नाहीत. कार्तिकात रात्री गार पडू लागल्या म्हणजे पेरावेत. धने चपलेने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या कराव्यात व रात्रभर भिजवावेत. मुळ्यात ‘पुसा चेतकी’ उष्णता सोसते, म्हणून तो आधी. गाजर मागाहून आणि निदान फूटभर खोल भांड्यातच.

विकतच्या बियाण्यापेक्षाही स्वस्त असा एक पर्याय या जिल्ह्याच्या हाताशी आहे आणि त्याकडे फारसे कोणी भाजी म्हणून कुंडीत पाहत नाही. करडई व हरभरा! रब्बीच्या पेरणीतून उरलेली घरची मूठभर करडई क्रेटमध्ये दाट पेरली, तर तीन-साडेतीन आठवड्यांत कोवळी भाजी खुडता येते. हरभऱ्याचे शेंडे खुडले की त्यास आणखी फुटवे येतात. दोन्ही पिके ओल कमी असता तग धरणारी आहेत. बी मात्र घरचे साठवणीचे असावे. दुकानातील लाल-गुलाबी रंगाचे, औषध लावलेले बियाणे अशा कोवळ्या भाजीस वापरणे धोक्याचे आहे.

हिरव्या भाजीचा हा आग्रह केवळ हौसेखातर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना पंडुरोग आढळला, आणि केंद्राने २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत या जिल्ह्याचाही समावेश झाला. आठवड्यातून तीन वेळा पालेभाजी, तीवर लिंबू पिळून, ही गोष्ट बाजाराच्या भरवशावर राहिली की महागाईत प्रथम तीच ताटातून जाते. भूकंपाच्या पुनर्वसनाच्या कामातून वाढलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने मराठवाड्यातील शेतकरी स्त्रियांना एक एकरात घरच्यापुरती मिश्र अन्नपिके घेण्यास लावले. २०१६ साली तिला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्या कामाचे मर्म असे की, काय पेरावयाचे ते घरातील बाईने ठरविले. दारच्या भांड्यांनाही तोच न्याय लावावा.

फळभाजीत एका घरास दोन टोमॅटो, दोन मिरच्या व एक वांगे पुरे. आश्विनात बी टाकीत बसण्यापेक्षा चार-पाच आठवड्यांची रोपे रोपवाटिकेतून आणावीत; फूल धरलेले उंच रोप आकर्षक दिसते, पण ठेंगणे, जाड खोडाचे व फुलाविना असलेलेच घ्यावे. मिरचीत ‘ज्वाला’, टोमॅटोत ‘पुसा रूबी’ या जुन्या परंतु भरवशाच्या जाती आहेत व त्यांचे बी पुढील वर्षासाठी घरी धरता येते. ‘परभणी क्रांती’ भेंडी मराठवाड्याच्याच कृषी विद्यापीठाने दिलेली असली, तरी भेंडी उष्ण हवेची. थंडीत ती कुंडीत लावून उपयोग नाही.

फुलांविषयी थोडे. दसऱ्यास लागणारा झेंडू आषाढात पेरावा लागतो; दसऱ्यास बी पेरले तर फुले मार्गशीर्ष-पौषात मिळतील. शेवंती रात्री मोठ्या झाल्या म्हणजेच कळ्या धरते. ओसरीवर रात्रभर दिवा जळत असेल तर तिला रात्र लहान भासते व कळ्या लांबतात. तिची कुंडी दिव्यापासून दूर ठेवावी. गावठी गुलाबाची छाटणी पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरातच करून घ्यावी. टोमॅटोजवळ झेंडू ठेवल्याने अळी त्यावर जाते हे शेतात अनुभवास आले आहे; दोन कुंड्यांत त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. त्यापेक्षा सकाळी पाने उलटून पाहणे व अळी हाताने वेचणे चांगले. मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवाव्यात, गाळून त्यात किंचित साबण मिसळावा व सायंकाळी फवारावे. शेळ्या व कोंबड्या यांवर मात्र बोरीच्या फांद्यांचे कुंपण, एवढाच उपाय.

महाशिवरात्रीच्या सुमारास पालेभाजीची भांडी रिकामी करावीत. त्यांची माती एका कोपऱ्यात पसरून वैशाखाचे ऊन खाऊ द्यावी व मृगापूर्वी तीत नवे शेणखत मिसळून पोत्यात भरून ठेवावी. फाल्गुनात टोमॅटोची फळे आटली की झाड ओढून टाकावे. त्याचे पाणी मिरचीस द्यावे, कारण मिरची आच्छादनाखाली चैत्रापर्यंत टिकते. गाडगे बसविलेला रांजण हलवू नये. तुळशीची कुंडी त्याच्या सावलीत सरकवावी, आणि गाडग्याचा पाझर मंदावला असेल तर ते काढून काथ्याने घासून, उन्हात वाळवून पुन्हा जागेवर बसवावे.